आठ दिवसांची परवानगी

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज माझ्या हातातून एकशे बारा किल्ल्या गेल्या आणि त्या बदल्यात एक पासवर्ड मिळाला. तो विसरू नये म्हणून ही वही विकत आणली, तर पासवर्ड कुठेही लिहून ठेवायचा नसतो असं कळलं. आता आणलीच आहे वही, तर रोजचं काहीबाही लिहीन.

आमच्या कारखान्यात दुकानातला बूट ज्या पायात जात नाही अशा पायांसाठी बूट बनतात. वाकडे पाय, एक आखूड एक लांब, अपघातानंतर जोडलेले, साखरेच्या आजाराने बधिर झालेले. प्रत्येक गिऱ्हाइकाचे साचे, मापं आणि डॉक्टरांचे कागद एकशे बारा कपाटांत असायचे आणि त्यांच्या किल्ल्या माझ्या टेबलामागच्या फळीवर. एकवीस वर्षं मला सगळे किल्लीवाल्या बाई म्हणतात. आता पायाचा स्कॅन होतो आणि फाइल क्लाउडवर जाते. मला समजलं ते असं, की कपाटं आपलीच, पण दुसऱ्याच्या इमारतीत. त्यांना किल्ली नाही. आधी तुम्ही कोण ते सिद्ध करायचं, मग तुमच्या नावावर जे उघडायची परवानगी असेल तेवढंच उघडतं.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मालक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, त्यांच्या वडिलांपासून मी इथे आहे. म्हणाले, "ताई, आपलं निम्मं काम ज्या हॉस्पिटलकडून येतं, त्यांनी अट घातलीय. पेशंटची माहिती नीट सांभाळता का, हे बघायला एप्रिलअखेर बाहेरून तपासनीस येणार. पास झालो तर ते राहतील. परवानग्या देण्याचं काम मी तुम्हाला द्यायचं म्हणतोय."

"मला? मला तर स्क्रीनवरचा बाण सापडत नाही."

"बाण सापडेल. कोणाच्या हातात काय द्यायचं हे तुमच्याइतकं इथे कोणाला कळतं?"

नापास झालो तर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि मी पुढच्या दाराशी बसून आल्या-गेल्याला "बसा, बोलावतात" म्हणणार. मला तिथे बसायचं नाही. हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून ठेवते.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

शिकवायला जी आली आहे तिला सगळे क्लाउडवाली म्हणतात. तिशीची, सातवा महिना लागलेला, पोटावर लॅपटॉप टेकवून काम करते. मार्चअखेर ती रजेवर जाणार, म्हणजे तोवर मला सगळं यायला हवं.

ती म्हणाली, "मावशी, तीनच प्रश्न लक्षात ठेवा. तुम्ही कोण? तुम्हाला काय हवंय? कशाला हवंय? आणि द्यायचं ते लागेल तेवढंच, लागतील तितकेच दिवस."

म्हटलं, "अगं, हे मी एकवीस वर्षं करतेय. शिलाईवाल्याला शिलाईच्या कपाटाची किल्ली, संध्याकाळी परत."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. जाडजूड पुस्तकातून शिकवावं लागेल अशी तिला धास्ती होती म्हणे. मग मी माझा नियम छापून दारावर लावला: कारण पटल्याशिवाय परवानगी नाही.

पहिला आला विक्रीवाला साहेब. "मला सगळंच देऊन टाका, रोज रोज कोण मागणार?" मी विचारलं, "तुम्हाला पेशंटच्या डॉक्टरांचे कागद कशाला?" त्याला सांगता येईना. गिऱ्हाइकांचे पत्ते दिले आणि वाटेला लावला. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

सोमवार, ११ फेब्रुवारी

किल्ल्यांची फळी काढली. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढराशुभ्र राहिला. बघवेना, म्हणून तिथे कॅलेंडर टांगलं.

नऊ वाजता सवयीने मिस्त्री येऊन उभे. स्कॅन आले तरी फार अवघड पाय असला की साचा लाकडातच कोरावा लागतो, आणि तो मिस्त्रींशिवाय कोणाला जमत नाही. पंचावन्न-छप्पन्नचे असतील. लग्न केलं नाही. रोज नऊला लाकडाच्या खोलीची किल्ली न्यायची, साडेपाचला परत आणून द्यायची. "बाई, किल्ली." "घ्या." "बाई, किल्ली." "ठेवा." एकवीस वर्षांत एवढंच बोलणं, त्यात कधीमधी हवापाण्याची भर.

मी म्हटलं, "मिस्त्री, आता तुमच्या खोलीला आकड्यांचं कुलूप बसवलंय. आकडा लावा आणि जा. इथवर यायचे कष्ट वाचले."

"वाचले," म्हणाले आणि थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले.

साडेपाचला पुन्हा दारापर्यंत आले, थबकले आणि परत गेले. एकेकाला सवय सुटायला वेळ लागतो.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मिस्त्री अर्ज घेऊन आले. वर्कशॉपमधल्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर नाही, म्हणून त्यांनी कागदावर अर्ज आणायचा आणि मग तिथल्या एका सामाईक स्क्रीनवर आपल्या नावाने आत जायचं, अशी सोय केली आहे. सुतारी पेन्सिलीने ठसठशीत लिहिलं होतं. काय हवं: जुन्या साच्यांची चित्रं. कारण: कामासाठी. आठ दिवसांची परवानगी दिली आणि पासवर्डचं बंद पाकीट हातात ठेवलं. बजावून सांगितलं की कोणालाही दाखवायचं नाही.

"कोणालाही नाही," ते म्हणाले, आणि पाकीट वरच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मिस्त्रींची मुदत आज संपली आणि आजच ते नवा अर्ज घेऊन हजर. याला म्हणतात शिस्त. इस्त्रीचा शर्ट, अंगावर भुशाचा कण नाही. रंधा मारणारा माणूस इतका स्वच्छ कसा राहतो, मला कोडंच आहे.

मी म्हटलं, "दर सोमवारी कशाला हेलपाटा? तुमचं काम खरं आहे, मी कायमची परवानगी देते."

ते एकदम दचकले. "नको, नको. आठ दिवसांचीच द्या. नियम आहे ना, लागेल तितकीच."

मला इतकं बरं वाटलं! सगळ्या कारखान्यात हा नियम एकट्या मिस्त्रींना समजला. क्लाउडवालीला बोलावून मुद्दाम सांगितलं, की बघ, शिकलेले साहेब सगळं मागतात आणि हा सुतार माणूस कायमची देऊ केली तरी घेत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पोट धरून हसत सुटली. बाळाने लाथ मारली असावी.

बुधवार, ६ मार्च

कामगार एक्कावन्न आणि यादीत नावं चौसष्ट. जुन्या कॉम्प्युटरमधली यादी जशीच्या तशी क्लाउडवर चढवली होती. तेरा जण सोडून गेलेले, निवृत्त झालेले, तरी सगळ्यांची दारं उघडी. क्लाउडवाली म्हणाली, "सगळ्यात मोठा धोका हाच. माणूस जातो आणि त्याचं नाव आत राहतं."

बारा नावं बंद केली. तेरावं यांचं होतं. माझे यजमान इथेच सामानाच्या विभागात होते, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. नावापुढे शेवटचा वापर लिहिला होता, एका मंगळवारी सकाळी अकरा चाळीस. त्याच दिवशी दुपारी ते गेले. अकरा चाळीसला ते काय बघत होते कोण जाणे.

क्लाउडवालीला म्हटलं, डोकं दुखतंय, उरलेलं नंतर करू.

शुक्रवार, ८ मार्च

केलं. बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसले होते. मग वाटलं, त्यांनाच हे आवडलं नसतं. स्वतःचा कप स्वतः विसळून जागेवर ठेवणारा माणूस, आपल्या मागे आपलं दार सताड उघडं असणं त्यांना खपलंच नसतं. दाबलं. रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं.

घरी आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षं ब्याऐंशी, घरात आम्ही दोघीच. म्हटलं, "आई, आज ह्यांचं नाव यादीतून काढलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "यादीतूनच ना? मग जेवायला बस. गार होतंय."

सोमवार, १८ मार्च

मिस्त्री पाचव्यांदा. जुन्या साच्यांची चित्रं संपली, आता त्यांना बुटांच्या पट्ट्यांच्या रंगांची यादी हवी. लाकडात काम करणाऱ्याला रंग कशाला? विचारलं तर म्हणाले, "माहिती असलेली बरी." या वयात ही ज्ञानाची भूक! मंजूर केलं.

चहा आला होता, म्हटलं, घ्या अर्धा कप. बसले. माझी खुर्ची डुगडुगते हे त्यांच्या लक्षात आलं. खिशातून लाकडाची चकती काढली, खाली वाकून पायाखाली बसवली. अगदी मापाची निघाली. अशी चकती हा माणूस खिशात घेऊन फिरतो, म्हणजे केवढी तयारी.

घरी आईंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "लग्न का नाही केलं त्याने?"

"मला काय माहीत, आई? मी फक्त परवानग्या देते."

"हं," आई म्हणाल्या. त्यांच्या त्या 'हं'चा मला कधीच अर्थ लागत नाही.

शुक्रवार, २९ मार्च

क्लाउडवाली आज गेली. शिलाईच्या बायकांनी तिला मऊ कातड्याचे बोटभर बूट करून दिले. तिचे डोळे भरून आले, माझेही.

निघताना म्हणाली, "मावशी, एक सांगते. परवानगी दिली की आपलं काम संपत नाही. दिलेली परवानगी कोण वापरतं, कधी वापरतं, तेही बघत जा. 'शेवटचा वापर' नावाचा रकाना आहे. विशेषतः सोमवारचे अर्ज बघा." आणि पुन्हा तिला हसू फुटलं. हल्ली तिला कशाचंही हसू येतं.

बघणार आहे मी तो रकाना. पण तो उघडला की पहिलं ते अकरा चाळीस दिसतं, म्हणून हात धजत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे येणारी माणसं मी ओळखते. त्यांच्यावर पाळत कशाला?

मंगळवार, ९ एप्रिल

शिलाईतल्या दोघी मैत्रिणी एकाच नावाने आत जात होत्या. पकडल्या. "बाई, आम्ही डबाही एकच खातो," म्हणाल्या. म्हटलं, डबा खुशाल एक खा, नाव आपापलं वापरा. दोघी आपापले पासवर्ड एकमेकींपासून लपवत बसल्या आणि दुपारपर्यंत त्यावरून रुसवेफुगवे. संध्याकाळी गळ्यात गळे.

काल मिस्त्री म्हणाले, "तपासणीत तुम्ही पास व्हालच." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "तुमच्याकडून कधी चुकीची किल्ली गेली नाही." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दिवसभर तेच आठवत होतं. शाबासकी कोणाला आवडत नाही?

मंगळवार, १६ एप्रिल

क्लाउडवालीला मुलगी झाली! फोटो आला. खाली लिहिलं होतं, "हा फोटो फक्त सहा जणांना पाठवलाय, पुढे कोणाला देऊ नका." आम्ही शिकवलेलं वाया गेलं नाही, किंवा तिने शिकवलेलं. आईंना दाखवावा की नाही यावर दहा मिनिटं विचार केला, शेवटी तिला विचारून दाखवला.

बुधवार, २४ एप्रिल

आज घरी आल्या आल्या आधी वही काढली.

तपासनीस बाई सकाळी आल्या. चष्म्याला साखळी, चेहऱ्यावर रेष हलत नाही. चार वाजेपर्यंत सगळं झकास. गेलेल्यांची नावं बंद, विक्रीवाल्याला पत्ते तेवढेच, प्रत्येकाचं नाव वेगळं. मालक दारातून अंगठा दाखवून गेले.

मग त्यांनी एक यादी काढली आणि पेन्सिल एका नावावर टेकवली. "हे कोण?"

"मिस्त्री. साचे कोरतात. आमच्याकडचा सगळ्यात शिस्तीचा माणूस."

"नऊ सोमवार गेले, परवाचा दहावा. दहा अर्ज, दहाही तुम्ही मंजूर केलेले. आणि वापर शून्य."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे हा माणूस आजवर एकदाही आत गेलेला नाही. पासवर्ड लावून बघितलेलासुद्धा नाही."

त्या शांतपणे बोलत राहिल्या. न लागणाऱ्या परवानग्या कोणी सारख्या गोळा करत असेल, तर त्यामागे काहीतरी असतं. एक तर त्याच्या नावावर दुसरंच कोणी काही करू पाहतंय, नाही तर तो स्वतः. आणि परवानगी देणारीने कारण तपासलेलंच नाही. मग त्यांनी मान वळवून दारावरचा माझा छापील नियम मोठ्याने वाचला. तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

उद्या दुपारपर्यंत लेखी खुलासा हवा. पटला नाही तर दाखला नाही, आणि मिस्त्रींना पेशंटच्या कामापासून दूर ठेवावं लागेल. म्हणजे हॉस्पिटल गेलं, माझं काम गेलं, आणि ज्याच्याशिवाय अवघड पायांना बूट मिळत नाहीत तो माणूसही गेला. एका माणसावर मी डोळे झाकून विश्वास टाकला आणि त्याने मला तोंडघशी पाडलं. मला राग आलाय. रागापेक्षा जास्त वाईट वाटतंय, आणि इतकं वाईट का वाटतंय ते कळत नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

सकाळी तडक वर्कशॉप गाठलं. मिस्त्री लाकडावर कानस फिरवत होते. मला तिथे बघून उभे राहिले. एकवीस वर्षांत मी त्यांच्या खोलीत पहिल्यांदा गेले.

"मिस्त्री, दहा वेळा परवानगी घेतलीत. एकदाही आत का गेला नाहीत?"

त्यांनी कानस खाली ठेवली.

"पासवर्डचं पाकीट कुठे आहे?"

त्यांनी फळीवरून काढून दिलं. जसं दिलं होतं तसं, चिकटवलेलं. "तुम्ही म्हणाला होता, कोणालाही दाखवायचं नाही. मीही बघितलं नाही."

"अहो, मग मागत कशाला होता?"

लाकडावरून तळवा फिरवत ते म्हणाले, "आधी सकाळी यायचो, संध्याकाळी यायचो. किल्ल्या बंद झाल्या. म्हटलं, सोमवारी तरी जावं."

"पण कशाला?"

हे मी खरंच विचारलं. त्रेपन्न वर्षांची, शहाणीसुरती बाई.

"तुम्हाला भेटायला," मिस्त्री म्हणाले.

बाजूचं मशीन चालू होतं, ते कोणीतरी बंद केलं. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "हे लेखी लागेल."

आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. एखादीने निदान लाजावं, नाही तर रागवावं. मी म्हटलं लेखी लागेल! पण त्या भल्या माणसाने पेन्सिल घेतली आणि लिहिलं. कागद तपासनीस बाईंकडे राहिला, पण शब्दन् शब्द पाठ झालाय: "मला फायली नको होत्या. बाईंना भेटायला येत होतो. किल्ल्या गेल्यावर दुसरा मार्ग सुचला नाही. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांना दोष देऊ नये." खाली सही, तारीख.

तो कागद घेऊन मी केबिनपर्यंत कशी चालत गेले, माझं मला माहीत. तपासनीस बाईंनी वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मालकांनी वाचला आणि ते छताकडे बघायला लागले. मिस्त्रींना बोलावलं.

"हे खरं आहे?"

"हो."

मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"नाही."

"दहा सोमवार?"

"मला वाटलं, त्यांना शिकायची हौस आहे."

मालकांना ठसका लागला. तपासनीस बाईंच्या चेहऱ्यावर तरीही रेष हलली नाही. त्यांनी स्वतः पाकीट तपासलं, वर्कशॉपच्या स्क्रीनची नोंद बघितली, शिलाईतल्या दोघींना वेगवेगळं विचारलं. त्या दोघींनी काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण सांगायला त्यांना पाऊण तास लागला. म्हणजे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. एक मी सोडून.

तीन वाजता निकाल दिला. पास. दोन सुधारणा करायच्या. एक, दर सोमवारी 'शेवटचा वापर' बघायचा आणि जे वापरात नाही ते काढून टाकायचं. दोन, अर्जावर नवा रकाना घालायचा: मंजुरी देणाऱ्याचं अर्जदाराशी नातं. नातं असेल तर मंजुरी मालकांनी द्यायची.

"तो रकाना यापुढे लागेल असं वाटतं," बाई म्हणाल्या आणि बॅग उचलून गेल्या.

जीव भांड्यात पडला. कारखाना नाचत होता. मिस्त्री आपल्या खोलीत निघून गेले होते.

शनिवार, २७ एप्रिल

दोन दिवस मिस्त्रींसमोर गेले नाही. त्यांच्या सगळ्या परवानग्या काढून टाकल्या, कारण नियम तसा आहे. काढताना हसू येत होतं. या वयात हे काय? आरशात बघितलं, तर आरशातली बाईही हसत होती.

आईंना काही सांगितलं नाही. कसं सांगणार? ज्यांच्या मुलाच्या घरात मी राहते, त्यांना?

रविवार, २८ एप्रिल

आई खिडकीशी बसल्या होत्या. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या म्हणाल्या, "एकाच टॉवेलची चौथ्यांदा घडी घालतेयस. काय झालंय?"

मग मात्र सगळं सांगितलं. पाकीट, दहा सोमवार, लेखी खुलासा, सगळं. मान खाली घालून. बोलून झालं. वर बघितलं तर आई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"लेखी मागितलंस? अगं वेडे!"

"आई, तुम्हाला राग नाही आला?"

"तीन महिने जेवताना दुसरं काही ऐकलंय का मी? मिस्त्री असं म्हणाले, मिस्त्रींनी खुर्ची दुरुस्त केली. मी म्हातारी आहे, आंधळी नाही." मग हसू ओसरलं. त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "माझा मुलगा गेला. त्याचं दुःख मी माझ्याबरोबर नेणारच आहे. पण तू गेली नाहीस ना? तू आहेस. मग असल्यासारखी राहा."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. त्याही.

"रविवारी बोलाव त्याला," डोळे पुसून म्हणाल्या. "आणि मी आत जाऊन बसणार नाही, आधीच सांगते. समोरच बसणार."

रविवार, ५ मे

मिस्त्री आले. दारात चपला काढल्या आणि आईंना वाकून नमस्कार केला. आई समोरच बसल्या होत्या, सांगितल्याप्रमाणे. मिस्त्रींना घाम फुटला होता, मलाही.

आईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "एकवीस वर्षं काय करत होतास?"

"आधी त्यांचं लग्न झालेलं होतं," मिस्त्री म्हणाले. "नंतर विचारायचं कसं ते कळेना. लाकूड असतं तर कळलं असतं."

आई खूश. पुढचा तासभर दोघंच बोलत होते, मी पाहुणी असल्यासारखी चहा पीत बसले. मधेच मिस्त्रींची नजर आईंच्या पायांकडे गेली. आईंचा उजवा पाय आत वळलाय, त्यामुळे त्या दोन वर्षांत जिना उतरलेल्या नाहीत. मी रोज बघते आणि रोज गप्प बसते, कारण विषय काढला की त्या चिडतात. मिस्त्री सरळ जमिनीवर बसले, पाय हातात घेतला, अंगठ्याने टाच दाबून बघितली. म्हणाले, "हा पाय चालेल. बूट चुकीचे होते." आणि आई, ज्या डॉक्टरांनासुद्धा पायाला हात लावू देत नाहीत, त्या म्हणाल्या, "बघ बाबा."

शुक्रवार, १० मे

टॅक्सी करून आईंना कारखान्यात नेलं. मालकांनी खुर्चीसकट आत उचलून घेतलं. पायाचा स्कॅन झाला. शिलाईतल्या दोघींशी आईंची पाच मिनिटांत अशी गट्टी जमली की माझ्याबद्दल काय काय बोलणं झालं असेल, मी विचारायचं टाळलं.

सोमवार, १३ मे

नऊ वाजता मिस्त्री अर्ज घेऊन आले. काय हवं: आईंच्या पायाची फाइल. कारण: साचा कोरायचा आहे. यावेळी त्यांनी पाकीटही उघडलं होतं. विचारायची गरज नव्हती, पासवर्ड लक्षात राहावा म्हणून ओठ हलत होते.

मी पेन उचललं. काय हवं ते पटलं, कारण पटलं. मग नवा रकाना आला. अर्जदाराशी नातं: आहे किंवा नाही. रकाना सुरू झाल्यापासून सगळ्यांच्या अर्जावर मी "नाही" लिहीत आलेय, न बघता. इथे पेन थांबलं.

"मिस्त्री, इथे काय लिहू?"

ते खिडकीबाहेर बघत होते. कान लाल झाले होते. "मी कसं सांगू? तुम्ही ठरवायचं."

मी "आहे" लिहिलं.

नातं असलं की मंजुरी माझी नाही. कागद घेऊन मालकांकडे गेले. त्यांनी वाचला, उठून उभे राहिले, परत बसले. म्हणाले, "ताई, फाइल सासूबाईंची म्हणून लिहिलंत का?"

"नाही. अर्जदाराशी नातं विचारलंय, अर्जदाराशीच लिहिलंय."

"मग काय नातं ते स्पष्ट लिहावं लागेल. तपासनीस बाई पुढच्या वर्षी परत येणार आहेत."

मी तिथेच उभ्या उभ्या पुढे लिहिलं, "नियोजित पती", आणि सही केली. मालकांनी खाली सही ठोकली आणि काचेचं दार उघडून असे ओरडले की शिलाईची सगळी मशीनं एकदम थांबली.

मी टेबलापाशी परत आले. मिस्त्री होते तिथेच उभे होते. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. बाहेर टाळ्या वाजत होत्या, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग एकवीस वर्षांत पहिल्यांदाच, बाई न म्हणता, त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

मी ओ दिली.